कुत्रा आणि बाग: कुठल्या झाडाला खरंच घाबरायचं

घरात कुत्रा आला की आपण सगळेच कधी ना कधी "कुत्र्यांना विषारी झाडं" असं सर्च करतो, आणि मग जी यादी समोर येते ना ती बघून डोकंच फिरतं, कारण त्यात मनी प्लांट असतो, कोरफड असते, शेवंती, स्नेक प्लांट, कण्हेर, सायकस, सगळे एका रांगेत उभे आणि सगळ्यांच्या पुढे तोच एक शब्द, विषारी. मग वाचणारा एक तर घाबरून अर्धी बाग उपटायला निघतो नाहीतर "हे असलं बघत बसलो तर जगायचं कसं" म्हणून सगळंच सोडून देतो. मला या दुसऱ्या प्रकाराची जास्त भीती वाटते. कारण त्या रांगेतलं एक झाड खाल्लं तर कुत्र्याच्या तोंडाची तासभर आग होते आणि दुसरं खाल्लं तर तीन दिवसांत लिव्हर जातं, आणि हा फरक यादीत कुठे दिसतच नाही.

म्हणून आज यादी देत नाहीये. कुठलं झाड शरीरात नेमकं काय करतं आणि किती वेळात करतं ते सांगते, कारण वेळ हीच यातली सगळ्यात महत्वाची गोष्ट आहे असं माझं ठाम मत झालंय. जे झाड चावल्या चावल्या त्रास देतं ते बहुतेक वेळा जीव घेत नाही, कुत्रा स्वतःच थुंकून टाकतो आणि लांब होतो. जे झाड गप्प बसतं आणि उशिरा बोलतं त्याला घाबरायचं. अगदी शंभर टक्के लागू होणारा नियम नाहीये हा, कण्हेरीसारखी झाडं काही तासांतच रंग दाखवतात, पण बागेकडे बघायला या नियमाची चांगली मदत होते.

आधी घाबरवणारी पण फारशी न मारणारी मंडळी. मनी प्लांट, डिफेनबाकिया, पीस लिली, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अळू आणि त्याची शोभेची सगळी भावंडं, ही सगळी एकाच कुळातली. यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते काही खास पेशींमधे जुडी बांधल्यासारखे भरलेले असतात आणि पान चावलं की त्या पेशी फुटून सुया थेट जिभेत, हिरड्यांत, घशात घुसतात. कुत्रा लगेच लाळ गाळायला लागतो, पंजाने तोंड चोळतो, डोकं झटकतो, कधी उलटी करतो, ओठ सुजतात. बघणाऱ्याचा जीव वर खाली होतो पण बहुतेक कुत्रे काही तासांत बरे होतात. तोंडातले तुकडे काढायचे, ओल्या फडक्याने तोंड आतून पुसून घ्यायचं, थंड पाणी प्यायला द्यायचं, चमचाभर दही दिलं तरी चालतं, त्यातलं कॅल्शियम थोडी मदत करतं. घसा सुजून श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर मात्र सरळ व्हेटकडे, असं क्वचित होतं पण होतं, आणि छोट्या जातीच्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत जास्त लक्ष ठेवायला हवं कारण त्यांची श्वासाची वाट आधीच अरुंद असते.

त्यानंतर पोट बिघडवणारे. कोरफड (सालीखालचा पिवळा चीक, आतला गर नाही), स्नेक प्लांट, जेड, शेवंती, गुलबक्षीच्या बिया आणि मुळं. उलट्या, जुलाब, कुत्रा मलूल होऊन एका जागी पडून राहतो. पिल्लू असेल किंवा खूप खाल्लं असेल तर शरीरातलं पाणी कमी होतं आणि सलाईन लावायला लागू शकतं, पण मोठा कुत्रा एखादं पान खाऊन बसला तर आभाळ कोसळत नाही. पॉइनसेटियाचं पण तेच. त्याची बदनामी १९१९ सालच्या हवाईमधल्या एका गोष्टीवरून झाली, एका सैनिकी अधिकाऱ्याचं मूल पॉइनसेटियाचं पान खाऊन दगावलं असं तेव्हा पसरलं आणि ते कधी सिद्ध झालंच नाही, पण झाडाच्या नावाला जे चिकटलं ते आजपर्यंत. चीक लागला तर कातडी आणि तोंड चुरचुरतं, पोट बिघडतं, एवढंच. त्याच कुळातल्या शेराचा आणि त्रिधारी निवडुंगाचा चीक मात्र फार जहाल असतो, तो डोळ्यात गेला तर दहा पंधरा मिनिटं डोळा स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि डोळा दाखवून यायचा, यात हयगय नको.

इथवर ठीक आहे. आता जी झाडं मी कुत्रा असलेल्या घरात ठेवूच नका म्हणून हात जोडून सांगेन त्यांच्याकडे येते.

पहिली कण्हेर. पानं, फुलं, खोड, मुळं, बिया, चीक, या झाडाचा एकही भाग सोडायला जागा नाही. यातलं ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं हृदयाच्या स्नायूंमधला सोडियम पोटॅशियमचा पंप बंद पाडतात, म्हणजे ज्या यंत्रणेवर ठोक्यांची लय चालते तीच बिघडते. आधी लाळ, उलट्या, जुलाब, कधी रक्त पडतं, मग ठोके मंदावतात किंवा वाट्टेल तसे पडायला लागतात, कुत्रा लडखडतो, कोसळतो. छोट्या कुत्र्याला अगदी थोडी पानं पुरतात. आता लोक म्हणतात की कण्हेर इतकी कडू असते की कुत्रा तोंड लावणार नाही, आणि झाडावरच्या ताज्या पानांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण पानं वाळली तरी विष तसंच राहतं, त्यामुळे खरी भानगड होते छाटणीनंतर, फांद्या कोपऱ्यात पडलेल्या असतात, कुत्र्याला काठी म्हणजे खेळणं, तो ती उचलून आणतो आणि आरामात बसून चघळत बसतो. आपणच कधी कधी हाताला लागेल ती काडी उचलून फेकतो त्याला आणायला! शिवाय कण्हेरीची फुलं ज्या पाण्यात ठेवली ते पाणीसुद्धा विषारी होतं, आणि खाली ठेवलेलं भांडं दिसलं की कुत्रा त्यात तोंड घालतोच.

पिवळ्या फुलांची बिट्टी ही कण्हेरीचीच नात्यातली, तिच्या त्या टणक फळातलं बी सगळ्यात वाईट. अॅडेनियम, ज्याला डेझर्ट रोझ म्हणून कुंडीत लावतात, ते पण याच कुळातलं आणि हृदयावरच जाणारं. पानफुटी आणि कलांचोची विषं रचनेने वेगळी पण शेवटी तोच पंप पकडतात, तिथे सहसा आधी पोट बिघडतं, जास्त खाल्लं तर हृदयापर्यंत जातं, आणि फुलांमधे विष जास्त असतं. थंड हवेच्या बागांमधलं फॉक्सग्लोव्ह आणि लिली ऑफ द व्हॅली यांचं काम पण असंच चालतं. आता लिली हे नाव आलंच आहे तर एक सांगून टाकते, ज्यांच्या घरी कुत्र्यासोबत मांजर आहे त्यांच्यासाठी हे फार महत्वाचं आहे. खऱ्या लिली (म्हणजे लिलियम) आणि डे लिली कुत्र्याचं फार तर पोट बिघडवतात पण मांजराच्या किडन्या दोन तीन दिवसांत बंद पाडतात, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी पुरतं. पीस लिली आणि लिली ऑफ द व्हॅली या त्या खऱ्या लिली नव्हेतच, एक तोंड जाळते आणि दुसरी हृदय धरते. नुसत्या नावावर जाऊन कुठलंच झाड सुरक्षित किंवा धोक्याचं ठरवू नका.

आणि दुसरं, ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं, ते सायकस. सायको पाम, सॅगो पाम, काय वाट्टेल त्या नावाने विकतात. दिसायला इतकं देखणं आणि सोपं झाड की गेटच्या दोन्ही बाजूंना, हॉटेलच्या दारात, सोसायटीच्या बागेत, सगळीकडे तेच. ते पामच्या जवळपासचंही नाहीये, सायकॅड नावाच्या फार जुन्या वनस्पतींच्या गटातलं आहे, फूल न येता शंकू येणाऱ्यांपैकी. त्याच्यात सायकासिन असतं. पोटात गेल्यावर आतड्यातले जंतू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून जे द्रव्य सुटतं ते लिव्हरच्या पेशी मारत सुटतं. सगळ्यात जास्त विष बियांत. मादी झाडाला मधोमध केशरी लाल रंगाच्या सुपारीपेक्षा मोठ्या बिया येतात, एक दोन बिया एका कुत्र्याचा जीव घ्यायला पुरतात. पण "आमच्या झाडाला कधी बिया आल्याच नाहीत" म्हणून निश्चिंत होऊ नका, पानंही विषारी आणि बुंध्याचा गड्डाही, आणि पिल्लांना कुंडीतली माती उकरून तो गड्डा कुरतडायला भारी आवडतं.

याची चाल कशी असते बघा. खाल्ल्यावर थोड्या वेळात किंवा काही तासांनी उलट्या होतात. मग कुत्रा शांत होतो, जरा सुस्त असतो पण पाणी पितो, शेपटी हलवतो, आणि आपल्याला वाटतं चला पोटातलं पडून गेलं, सुटलो. लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात. तोपर्यंत जेवण बंद, पुन्हा उलट्या, शी काळी व्हायला लागते, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसायला लागतात, रक्त गोठत नाही, जरा कुठे दाबलं की काळानिळा डाग, शुगर खाली जाते, झटके येतात. इथे पोचल्यावर उपचार करूनसुद्धा बरेच कुत्रे वाचत नाहीत. याच्यावर उतारा असा काही नाही, व्हेटकडे असतं ते म्हणजे लवकर उलटी करवणं, कोळशाची औषधी पूड पाजून विष शोषून घेणं, सलाईन, लिव्हरला आधार देणारी औषधं, आणि रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा. यातलं पहिलं काम वेळेत झालं तर बाकी सगळं सोपं होतं, आणि ते वेळेत होण्यासाठी मालकाला हे झाड काय आहे ते आधी माहीत असावं लागतं. उलट्या थांबल्या म्हणजे संकट टळलं असं सायकसच्या बाबतीत कधीच समजू नका, खाताना बघितलं असेल तर कुत्रा उड्या मारत असला तरी उचला आणि न्या.

मला खरंच राग येतो की हे झाड जिथे तिथे विकतात आणि कुंडीवर एक ओळ लिहिलेली नसते.

आता बियांकडे. एरंड आणि गुंज. एरंडाचं ठिपकेदार बी आणि गुंजेचं लाल काळं बी, दोन्ही दिसायला गोड, दोन्हींची विषं (रायसिन आणि अॅब्रिन) एकाच पद्धतीने काम करतात, पेशीतला प्रथिनं तयार करायचा कारखाना बंद पाडतात आणि मग पेशी मरते. गंमत म्हणजे अख्खं बी न चावता गिळलं तर टणक सालीमुळे ते बऱ्याचदा तसंच बाहेर पडतं, चावलं की मात्र विष सुटतं. आणि कुत्रा चावणार की गिळणार हे कोण सांगणार, म्हणून प्रत्येक वेळी चावलंच आहे असं धरून चालायचं. इथे पण उशीर असतो, कधी सहा आठ तास, कधी दीड दिवस, मग जोरदार उलट्या, रक्ती जुलाब, पोटात कळा, अंगात ताकद नाही.

एरंडाचं झाड बागेत नसलं तरी एरंड बागेत येतो, आणि हे फार जणांना माहीत नसतं. एरंडीची पेंड! तेल काढून उरलेला चोथा खत म्हणून वापरतात, नत्र चांगलं असतं, सेंद्रिय आहे म्हणून लोक आनंदाने घालतात. रायसिन तेलात उतरत नाही, ते चोथ्यातच राहतं. नीट उष्णता देऊन प्रक्रिया केली तर ते निकामी होतं पण प्रत्येक पोत्यातल्या पेंडीवर ती झालीये का हे आपल्याला बघून कळत नाही. आणि कुत्र्यांना त्या वासाचं विलक्षण आकर्षण असतं, त्यात बोनमील (हाडांचा चुरा) मिसळलेलं असेल तर विचारूच नका, वाफा उकरून उकरून खातात. झाडाचं एखादं पान आणि पोत्यातली मूठ मूठ पेंड यात केवढा फरक पडतो ते लक्षात घ्या. आमच्या घरी लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर आहे त्यामुळे एरंडीची पेंड आम्ही आणतच नाही, बंद डब्यात ठेवू वगैरे काही नाही, आणतच नाही. लॅब लोकांचा खादाडपणा हा नुसता लाडावल्यामुळे असतो असं पण नाही, २०१६ मधे केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळपास चारातल्या एका लॅब्रेडॉरमधे पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि अशा कुत्र्यांचं लक्ष जास्तच खाण्याकडे असतं. लॅबवाल्यांनी हे मनात ठेवूनच बाग लावावी.

खतांचं निघालंच आहे तर पुढचं पण सांगते, कारण बागेतले विषबाधेचे प्रकार बागकामाच्या सामानातून होण्याची शक्यता पण झाडांइतकीच असते. नुसतं बोनमील विषारी नाही पण जास्त खाल्लं तर पोटात घट्ट गोळा होऊन बसतो. गोगलगायींसाठी ज्या गोळ्या टाकतात त्यात मेटाल्डिहाइड असेल तर ते फार वाईट, त्या गोळ्या कोंड्यासारख्या खाद्यात बनवतात म्हणून कुत्र्याला त्या खाऊ वाटतात, आणि एक दोन तासांत थरथर, झटके, अंग तापून भट्टी. आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या त्या मानाने खूप सौम्य असतात, त्याही वाटीभर खाऊ द्यायच्या नाहीत हे आलंच. कोको बियांच्या टरफलांचं आच्छादन कुठे वापरत असतील तर त्यात चॉकलेटमधलंच थिओब्रोमीन असतं. आणि कंपोस्टचा ढीग, ज्यात जुनी बुरशी आलेली पोळी, भात, चीज काय काय पडलेलं असतं, त्यातल्या काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला अक्षरशः थरथरून झटके येतात. कंपोस्टला झाकण हवं, कडीचं.

मेंदूवर जाणाऱ्यांत धोतरा सगळ्यांना माहीत असतो. त्यातली विषं म्हणजे अॅट्रोपिन, स्कोपोलामिन. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, ठोके जोरात, कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो, भिंतीवर भुंकतो. शोभेसाठी लावतात तो लटकत्या मोठ्या फुलांचा ब्रुगमान्शिया पण तसाच. त्या मानाने कोणाला माहीत नसलेलं झाड म्हणजे येस्टरडे टुडे टुमारो, जांभळी फुलं येतात आणि दिवसागणिक फिकी होत पांढरी होतात ते, ब्रन्फेल्सिया. त्याची फळं आणि बिया कुत्रे आवडीने खातात, आणि मग झटके, अंग ताठ, कधी कधी दिवसच्या दिवस चालणारे. सुगंधी म्हणून प्रत्येक अंगणात हवं वाटणारं झाड आहे, पण कुत्रा असेल तर फळं धरू देऊ नका किंवा लावूच नका. कळलावीचे कंद पण सांगायला हवेत, त्यात कोल्चिसिन असतं, पेशींचं विभाजनच थांबवतं, आधी पोट आणि मग काही दिवसांनी अस्थिमज्जेवर परिणाम, म्हणजे पुन्हा तेच, उशिरा बोलणारं. कंद उकरायची सवय असलेल्या कुत्र्यांना कळलावी, डॅफोडिल, ट्युलिप सगळ्यांचेच कंद सापडतात आणि या सगळ्यांत विष कंदात जास्त साठलेलं असतं. थंड प्रदेशात राहणाऱ्यांसाठी अझेलिया आणि यू (एक सूचीपर्णी झाड) ही दोन नावं, यू तर इतकं झपाट्याने हृदयावर जातं की काही वेळा लक्षणं दिसायच्या आत कुत्रा गेलेला असतो.

परसातल्या भाजीपाल्याबद्दल पटकन. कांदा लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात, कच्चा, शिजलेला, पात, सगळं, आणि लक्षणं काही दिवसांनी येतात, हिरड्या फिकट, लघवी लालसर. टोमॅटोचं पिकलेलं फळ ठीक, झाडाची हिरवी पानं आणि कच्ची फळं नको. द्राक्षाचा वेल असेल तर खाली पडलेली द्राक्षं वेचत जा, काही कुत्र्यांच्या किडन्या थोड्याशा द्राक्षांनी बंद पडतात आणि काहींना काहीच होत नाही, कुठला कुत्रा कुठल्या बाजूचा हे आधी कळत नाही. २०२१ पासून यामागे टार्टरिक आम्ल असावं असा अंदाज पुढे आलाय, आणि तो बरोबर असेल तर चिंचेच्या झाडाखाली फिरणाऱ्या कुत्र्यांकडेही लक्ष हवं, कारण चिंचेत ते भरपूर असतं.

आता खाल्लंच तर काय करायचं. पहिलं, तोंडातलं काढा आणि कुत्र्याला त्या झाडापासून लांब बांधा. दुसरं, त्या झाडाचा फोटो काढा, फुलं फळं दिसतील असा, आणि एक फांदी पिशवीत घाला. उलटी झाली असेल तर तिचा पण फोटो, शक्य असेल तर थोडी डब्यात, किळस वाटली तरी, कारण त्यातल्या पानाच्या तुकड्यावरून व्हेटला खूप कळतं. मग फोन. फोनवर चार गोष्टी विचारतील, काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन किती. वजन माहीत असणं खरंच महत्वाचं आहे, तेच दोन तुकडे तीस किलोच्या कुत्र्याला वेगळे आणि तीन किलोच्या कुत्र्याला वेगळे. वाढतं पिल्लू असेल तर वजन दर महिन्याला बघून ठेवा.

आणि काय करायचं नाही ते. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, कृपा करून, हे अजूनही लोक सांगतात आणि करतात. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ अंगात राहतं, रक्तातलं सोडियम चढतं आणि त्यानेच झटके येऊन कुत्रा जाऊ शकतो, म्हणजे झाडाने नाही तर उपायाने. बोटं घशात घालायची नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचं इंटरनेटवर वाचलेलं प्रमाण स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याने जठराला जखमा होतात, व्हेटने फोनवर सांगितलं तरच आणि सांगितलं तेवढंच. व्हेटकडे यासाठी इंजेक्शन असतं, अॅपोमॉर्फिन, ते काही मिनिटांत काम करतं. चीक असलेलं काही खाल्लं असेल, कुत्रा गुंगीत असेल, झटके चालू असतील, तर उलटी करवणं उलट धोक्याचं, वर आलेलं फुफ्फुसात जाऊ शकतं. दूध तूप तेल पाजून विष उतरत नाही. आणि माणसाची कुठलीही गोळी, तापाची, दुखण्याची, अजिबात नको, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांसाठी स्वतःच एक विषबाधा आहे.

साधारण पहिल्या दोन तासांत पोचलात तर उलटी करवण्याचा फायदा होतो, नंतर विष बरंचसं पुढे सरकलेलं असतं. सायकसच्या बियांसारखं काही असेल तर उशीर झाला तरी प्रयत्न करतात. म्हणून "संध्याकाळपर्यंत बघू, नाही बरं वाटलं तर नेऊ" हे वाक्य मनातून काढून टाका, निदान सायकस, कण्हेर, बिट्टी, एरंड, गुंज, कळलावी, ब्रन्फेल्सिया आणि यू या नावांसाठी. तोंडाची आग करणाऱ्या आणि पोट बिघडवणाऱ्या झाडांसाठी फोनवर विचारून घरी लक्ष ठेवलं तर चालण्यासारखं असतं, ते व्हेटच सांगतील.

बाग उजाड करायची गरज नाहीये हो. गुलाब, मोगरा, कर्दळ, जर्बेरा, झिनिया, तेरडा, पेटुनिया, सूर्यफूल, तुळस, हे सगळं कुत्र्याच्या घरात बिनधास्त लावा. सायकसच्या जागी काहीतरी उंच झुपकेदार हवं असेल तर अरेका पाम आहे, तो खरोखरचा पाम आहे आणि कुत्र्याला त्रास देत नाही. घरात स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न. कोरफडीसारखं छोटं काहीतरी खिडकीत हवं असेल तर हवर्थिया, दिसायला तशीच आणि निरुपद्रवी. मनी प्लांट आवडत असेल तर राहू दे, फक्त लोंबता वर टांगा, पिल्लाचे दात यायचे दिवस संपेपर्यंत तरी. त्या दिवसांत पिल्लू काहीही चावतं, पुढे बहुतेक कुत्र्यांचा झाडांमधला रस कमी होतो, गवत सोडून. गवत खाणं नॉर्मल आहे, लांडगेही खातात, फक्त त्या गवतावर फवारणी झालेली नसावी.

आणि ज्यांनी कण्हेर किंवा सायकस काढायचं ठरवलं त्यांच्यासाठी. कण्हेर काढताना हातमोजे घाला, आणि काढलेल्या फांद्या जाळू नका, धूर पण विषारी असतो, माणसालाही. वाळायला म्हणून मागच्या कोपऱ्यात रचून ठेवू नका, कंपोस्टमधे टाकू नका, त्याच दिवशी पोत्यात बांधून कुत्रा पोचणार नाही अशा पद्धतीने बाहेर पाठवा, आणि खाली गळलेली पानं झाडूने गोळा करा. हे सगळं होईपर्यंत कुत्रा घरात. सायकस नुसता वरून कापून चालत नाही, बुंध्याच्या बाजूने त्याला पिल्लं फुटत राहतात, त्यामुळे आख्खा गड्डा मुळांसकट खणून काढायला लागतो आणि मातीत पडलेल्या जुन्या बिया चाळून वेचाव्या लागतात, त्या वाळून तपकिरी झालेल्या असतात म्हणून नीट बघा. खड्डा लगेच भरा, कारण नवीन उकरलेल्या मातीत नाक खुपसायला कुत्रा तुमच्या आधी तिथे पोचलेला असतो.